वजन उतरतं, पेशी तिथेच राहतात

दोन माणसं घ्या. उंची सारखी, वय सारखं, वजनकाट्यावरचा आकडाही सारखा: ७० किलो. पहिला पंचविशीपासून ७० च्या आसपासच आहे. दुसरा दीड वर्षापूर्वी ८५ किलोचा होता. मोजूनमापून खाऊन, घाम गाळून, नको नको म्हणत तो ७० वर आला. काट्याला दोघांत फरक दिसत नाही. तपासणीच्या कागदावर दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच. पण शरीराच्या खातेवहीत या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिल्याचं शरीर समजतं, सगळं जागेवर आहे. दुसऱ्याचं शरीर समजतं, घरातलं १५ किलो गेलं कुठे? आणि ते शोधायला निघतं.

बहुतेकदा ते सापडतंही. वजन घटवणाऱ्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या २९ अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा दिसलं, की घटलेल्या वजनापैकी निम्म्याहून जास्त वजन दोन वर्षांत परत आलं होतं आणि पाच वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त. येरे माझ्या मागल्या. मग शेजारीपाजारी, नातेवाईक, कधी कधी डॉक्टरही एकच निदान करतात: मनावर ताबा नाही. आपल्या भाषेनेही हा निकाल आधीच देऊन ठेवलाय. 'फार चरबी चढलीय त्याला' असं आपण म्हणतो तेव्हा माणसाच्या पोटाबद्दल नाही, माजाबद्दल बोलत असतो. चरबी म्हणजे ऐषारामाची खूण, हा समज इतका मुरलाय की चरबी हा शरीराचा एक कामसू अवयव आहे हे डोक्यात शिरायलाच वेळ लागतो.

डाएट सोडल्यावर वजन का वाढतं याची कारणं मेंदूत आहेत, आतड्यांत आहेत, स्नायूंत आहेत, भोवतालच्या खाण्याच्या रेलचेलीत तर आहेतच. इथे मात्र मी मुख्यतः चरबीकडेच बघणार आहे, कारण या प्रकरणात तिची साक्ष सहसा कोणी घेत नाही.

पिशवी रिकामी होते, जात नाही

चरबीची पेशी दिसायला फार साधी. आत तेलाचा एकच मोठा थेंब, आणि पेशीचं बाकी सगळं सामान, केंद्रकासकट, कडेला रेटून बसवलेलं. हा थेंब ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे साठवलेल्या चरबीचा. खाणं जास्त झालं की थेंब फुगतो, कमी पडलं की तो फोडून त्यातली फॅटी ॲसिड रक्तात सोडली जातात आणि स्नायू, हृदय, यकृत ती जाळतात. जळून ती जातात कुठे? बरेच जण म्हणतात घामातून, काही म्हणतात उष्णतेत. खरं उत्तर आहे श्वासातून. १० किलो चरबी पूर्ण जळली तर सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर पडते आणि उरलेली १.६ किलो पाणी होते. म्हणजे वजन कमी करणारा माणूस अक्षरशः स्वतःला हवेत सोडत असतो.

पण हवेत जातो तो थेंब. पेशी जात नाही.

हे ठामपणे सांगता येतं ते एका विलक्षण प्रयोगामुळे. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला महासत्तांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या. त्यामुळे वातावरणात कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला. १९६३ मध्ये अशा चाचण्यांवर बंदीचा करार झाला आणि त्यानंतर हे प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. हवेतला कार्बन वनस्पतींत जातो, तिथून आपल्यात. एखादी नवी पेशी जन्माला येते तेव्हा तिच्या डीएनएत त्या वर्षीच्या हवेतला कार्बन बसतो आणि मग हलत नाही. म्हणजे प्रत्येक पेशीच्या आत तिच्या जन्मवर्षाचा शिक्का असतो, फक्त तो वाचता यायला हवा. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये कर्स्टी स्पॉल्डिंग, पीटर आर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वाचला. २००८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बॉम्बने जगाला दिलेल्या देणग्यांमध्ये ही बहुधा एकमेव कामाची.

त्यांना काय दिसलं? चरबीच्या पेशींची संख्या लहानपणी आणि पौगंडावस्थेत ठरते आणि विशीनंतर जवळजवळ स्थिर राहते. स्थिर म्हणजे त्याच पेशी जन्मभर असं नाही. दर वर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. जागा रिकामी झाली की लगेच नवी भरती. सडपातळ माणसात हा दर तोच, लठ्ठ माणसातही तोच. लठ्ठ माणसात मुळात पेशीच जास्त, म्हणून त्याच्याकडे भरतीही जास्त. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: वजन घटवण्यासाठीची जठराची शस्त्रक्रिया करून ज्यांचं वजन भरपूर उतरलं, त्यांच्या पेशी दोन वर्षांनी पुन्हा मोजल्या. पेशी आकाराने बारीक झाल्या होत्या. संख्येने होत्या तेवढ्याच.

'स्थिर' या शब्दाला एक पुरवणी जोडावी लागेल. मोठेपणी वजन बरंच वाढलं तर काही भागांत नव्या पेशी तयार होतात. निरोगी स्वयंसेवकांना आठ आठवडे मुद्दाम जास्त खायला घालून केलेल्या एका प्रयोगात पोटावरच्या पेशी मुख्यतः फुगल्या, पण मांड्यांमध्ये चक्क नव्या पेशी उगवल्या. थोडक्यात संख्या वाढायला परवानगी आहे, घटायला नाही. आपल्या दुसऱ्या माणसाकडे, जो ८५ वरून ७० वर आला, त्याच्याकडे पहिल्यापेक्षा जास्त पेशी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यातली प्रत्येक अर्धीमुर्धी रिकामी.

इथे कोणाच्याही मनात येईल, मग पेशीच काढून टाकल्या तर? लायपोसक्शनमध्ये नळीने चरबी पेशींसकट ओढून काढतात. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी काही स्त्रियांच्या मांड्या-नितंबांवरची चरबी अशी काढली आणि वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. वर्षअखेर अंगातली एकूण चरबी शस्त्रक्रिया न केलेल्या स्त्रियांइतकीच झाली होती. मांड्या बारीकच राहिल्या, पण चरबी पोटावर जाऊन बसली. पुढच्या दाराने हाकललेला पाहुणा मागच्या दाराने आत आला, आणि यायचं ते नेमकं आरोग्याला जास्त जाचणाऱ्या जागी.

रिकामी पेशी गप्प बसत नाही

रिकामी पेशी नुसती वाट बघत असती तरी फारसं बिघडलं नसतं. पण बारीक झालेली पेशी भरलेल्या पेशीपेक्षा वेगळी वागते.

रक्तातून चरबी उचलायची तर पेशीला एक एन्झाइम लागतं, लायपोप्रोटीन लायपेज. बंदरावरच्या हमालांसारखं हे एन्झाइम रक्तवाहिनीच्या भिंतीवर उभं असतं. रक्तातून चरबीचे गोळे वाहत आले की त्यांचे तुकडे करून आत पाठवतं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अतिशय लठ्ठ अशा ९ जणांचं वजन सरासरी ४० किलोंहून जास्त उतरवलं, मग तीन महिने ते स्थिर ठेवलं आणि चरबीच्या ऊतीतलं हे एन्झाइम मोजलं. ते घटायला हवं होतं असं वाटेल. उलट ते वाढलं होतं, आणि जो आधी जास्त लठ्ठ होता त्याच्यात जास्त वाढलं होतं. माल कमी झाल्यावर गोदामाने हमाल वाढवले.

दुसरी गोष्ट इन्सुलिनची. वजन उतरल्याचा सगळ्यात मोठा वैद्यकीय फायदा म्हणजे इन्सुलिन पुन्हा नीट काम करू लागतं. साखर आटोक्यात येते, डॉक्टर खूश होतात, आणि व्हायलाच हवं. पण चरबीच्या पेशीसाठी इन्सुलिनचा निरोप काय असतो? 'साठव, आणि साठवलेलं बाहेर सोडू नकोस.' फुगलेल्या पेशीने या निरोपाकडे कानाडोळा करायला सुरुवात केलेली असते. बारीक पेशी तो नीट ऐकते. म्हणजे ज्या बदलामुळे मधुमेहाचा धोका घटतो, त्याच बदलामुळे पुढच्या प्रत्येक जेवणातली जास्तीची चरबी आत घ्यायला पेशी अधिक तत्पर होते. तब्येत सुधारणं आणि वजन पुन्हा वाढण्याची तयारी होणं, एकाच नाण्याच्या दोन बाजू. मला हा भाग नेहमीच थोडा क्रूर वाटतो.

तिसरी गोष्ट अजून पुरती सिद्ध झालेली नाही, पण कल्पना सुंदर आहे म्हणून सांगतो. चरबीच्या पेशी मोकळ्या तरंगत नसतात. कोलॅजेनसारख्या प्रथिनांच्या जाळ्यात त्या अडकवलेल्या असतात आणि जाळीच्या धाग्यांना त्यांची कातडी जागोजागी शिवलेली असते. पेशी फुगते तशी जाळी तिच्या मापाची होते. पुढे पेशी आक्रसली तरी जाळी तितक्या लवकर लहान होत नाही. मग पेशीची कातडी आणि जाळी यांच्यात ओढाताण सुरू होते. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या एडविन मारिमन आणि मार्लीन व्हान बाक यांची मांडणी अशी, की हा ताण पेशीला सोसत नाही. तो घालवायचे मार्ग दोनच: जाळी नव्याने विणायची, नाहीतर पेशी पुन्हा भरायची. पहिलं काम संथ आहे. दुसऱ्याला एखादा खाण्यापिण्याचा आठवडा पुरतो.

चरबीचं मेंदूला पत्र

आता थोडं मागे जाऊ. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात, जॅक्सन प्रयोगशाळेत, उंदरांच्या एका वाणात काही पिल्लं अशी निघाली की जी खातच राहायची आणि इतर उंदरांच्या तिप्पट वजनाची व्हायची. पुढे त्याच प्रयोगशाळेतल्या डग्लस कोलमन यांनी असा एक लठ्ठ उंदीर आणि एक साधा उंदीर शिवून जोडले, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांत फिरेल. लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं, तो बारीक झाला. याचा अर्थ साध्या उंदराच्या रक्तात असं काहीतरी होतं जे 'पुरे' म्हणत होतं आणि लठ्ठ उंदराच्या अंगात ते बनतच नव्हतं. ते काय, हे कळायला १९९४ साल उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने ते जनुक शोधलं. त्यातून बनणाऱ्या हार्मोनला नाव दिलं लेप्टिन, ग्रीकमधल्या 'लेप्टोस' म्हणजे 'सडपातळ' या शब्दावरून. आणि ते बनत होतं कुठे? चरबीच्या पेशीत.

तोवर मुकं समजलं जाणारं गोदाम मेंदूला रोज पत्र पाठवत होतं तर.

नाव 'सडपातळ' आणि उंदीर तर टोचल्याबरोबर बारीक झालेले, तेव्हा लठ्ठपणावरचं औषध सापडलं असं अनेकांना वाटलं. ज्यांच्यात जन्मतः लेप्टिन बनतच नाही अशा मोजक्या मुलांवर ते खरोखर जादूसारखं चाललं. बाकीच्यांवर नाही, कारण लठ्ठ माणसात लेप्टिन आधीच भरपूर असतं. मेंदू त्याला सरावलेला असतो. लेप्टिनचा खरा स्वभाव उलट्या बाजूने कळला. ते वाढलं तर मेंदू फारसं मनावर घेत नाही. ते पडलं की मात्र धावाधाव सुरू होते. लेप्टिन हे पोट भरल्याचं पत्र कमी आणि दुष्काळाची वर्दी जास्त. शिवाय डाएट सुरू केल्यावर ते चरबीच्या प्रमाणात हळूहळू उतरत नाही. चरबी अजून जेमतेम कमी झालेली असते तेव्हाच ते धाडकन खाली येतं.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी ५० जणांना १० आठवडे अतिशय कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलं. वजन सरासरी १३.५ किलोंनी उतरलं, लेप्टिन जवळजवळ दोन तृतीयांशाने. भूक वाढवणारं घ्रेलिन चढलं, पोट भरल्याची खबर देणारी आतड्यातली हार्मोन उतरली. इथवर आश्चर्य नाही. वर्षभराने पुन्हा मोजलं तेव्हा काही वजन परत आलं होतं, तरीही हार्मोन पूर्वपदावर नव्हती आणि माणसं डाएटच्या आधीपेक्षा जास्त भुकेली होती. हा अभ्यास २०११ चा. 'थोडे दिवस कळ काढा, शरीराला सवय होईल' हा सल्ला देणाऱ्याने तो एकदा नजरेखालून घालावा.

आपल्या दोन माणसांची तुलना खरोखर कोणी केली आहे का? केली आहे. कॅरोलिन्स्कामधल्याच गटाने २००५ मध्ये, पूर्वी लठ्ठ असलेल्या आणि आता साध्या वजनावर आलेल्या स्त्रियांची कधीच लठ्ठ नसलेल्या स्त्रियांशी तुलना केली. पूर्वी लठ्ठ असलेल्यांकडे पेशी जास्त, पण लहान, आणि रक्तातलं लेप्टिन कमी. फुगलेली पेशी लेप्टिन भरभरून सोडते, आक्रसलेली हात आखडता घेते. चरबी तेवढीच, पण ती खूप लहान लहान पेशींत वाटली गेली की मेंदूपर्यंत पोचणारा आवाज दबतो. मेंदूला वाटतं, हा माणूस आहे त्याहून उपाशी आहे.

उपाशी माणसासाठी मेंदू जे करेल ते सगळं तो करतो. थायरॉइडचं काम किंचित मंदावतो. स्नायू तेच काम कमी इंधनात करू लागतात. जिना चढला तरी पूर्वीइतकं जळत नाही. न्यूयॉर्कमधल्या रुडॉल्फ लायबेल आणि मायकल रोझेनबॉम यांच्या मोजमापानुसार, वजन उतरवलेल्या माणसाला तेवढ्याच वजनाच्या, तेवढीच हालचाल करणाऱ्या पण कधीही लठ्ठ नसलेल्या माणसापेक्षा दिवसाला साधारण ३०० ते ४०० कॅलरी कमी लागतात. हा आकडा सगळ्यांना मान्य नाही. वजन स्थिरावू देऊन मग मोजलं तर फरक याहून बराच लहान निघतो असं सांगणारेही अभ्यास आहेत. पण या जोडीचा दुसरा एक प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. १० टक्के वजन उतरवलेल्या लोकांना त्यांनी लेप्टिनचा छोटा डोस टोचला. खूप नाही, वजन उतरण्याआधी रक्तात जेवढं होतं तेवढंच होईल इतका. थायरॉइड हार्मोन, चेतासंस्थेचा जोर आणि स्नायूंची ती काटकसर, तिन्ही पूर्वीच्या दिशेने परतली. चरबी परत आलेली नव्हती, फक्त तिची सही असलेलं पत्र मेंदूला मिळालं होतं.

न सांगता वाहून गेलेल्या कॅलरी

'माझं मेटाबॉलिझमच मंद आहे' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की वजन परत येण्याचा सगळा दोष जळण्यावर ढकलला जातो. भूक त्या मानाने साधीसुधी गोष्ट वाटते, कारण ती आपली आपल्याला कळते असं आपण धरून चालतो. ती किती वाढते हे मोजायचं कसं, हा मात्र मोठा पेच. माणूस डाएटवर आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून तो मुद्दाम कमी खातो. खरी भूक झाकली जाते.

अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी यातून एक नामी वाट काढली. मधुमेहावरचं कॅनाग्लिफ्लोझिन हे औषध लघवीतून साखर बाहेर सोडतं, दिवसाला सुमारे ३६० कॅलरींइतकी. घेणाऱ्याला ते जाणवत नाही. १५३ जणांनी हे औषध वर्षभर घेतलं. डाएट नाही, संकल्प नाही, आरशासमोर उभं राहणं नाही. रोज गुपचूप ३६० कॅलरी जात होत्या, तर वजन उतरतच राहायला हवं होतं. ते साधारण चार किलो उतरलं आणि थांबलं. कारण माणसं नकळत जास्त खाऊ लागली होती. हिशेब असा निघाला: वजन एक किलो उतरलं की शरीराचा खर्च दिवसाला २० ते ३० कॅलरींनी घटतो, पण भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते.

पाच किलो उतरवलेल्या माणसाला हे लावून बघा. खर्चात घट १०० ते १५० कॅलरींची, आणि भूक ५०० कॅलरींनी जास्त. मंद मेटाबॉलिझमची आपण जितकी बदनामी करतो तितका त्याचा गुन्हा नाही. मोठा हात भुकेचाच आहे, आणि ती भूक पोटात गुरगुरत नाही. ती अर्धा घास जास्त, ताटाकडे थोडा जास्त वेळ नजर, अशा रूपात येते. महिन्याभराची डायरी लिहिली तरी ती पकडीत येत नाही.

पेशीच्या आठवणी

यातला सगळ्यात ताजा अध्याय २०२४ च्या नोव्हेंबरमधला. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात फर्डिनांड फॉन मायेन यांच्या गटाने विचारलं: पेशी बारीक झाली, पण ती आतून बदलली का?

आधी एक खुलासा. शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत जनुकांचं पुस्तक तेच असतं. फरक पडतो तो खुणांमुळे: कोणतं पान उघडं ठेवायचं, कोणतं चिकटवून टाकायचं. या खुणांना एपिजेनेटिक खुणा म्हणतात. मजकूर बदलत नाही, वाचन बदलतं.

संशोधकांनी उंदरांना चरबीयुक्त खाणं देऊन लठ्ठ केलं, मग साध्या खाण्यावर आणून पुन्हा बारीक केलं. वजन पूर्ववत झालं, साखरही बरीचशी सुधारली. चरबीच्या पेशींतल्या लठ्ठपणाच्या काळातल्या खुणा मात्र बऱ्याच प्रमाणात तशाच होत्या. या पेशी बाहेर काढून पाहिल्या तर त्या साखर आणि फॅटी ॲसिड जास्त अधाशीपणे उचलत होत्या. आणि या उंदरांना पुन्हा चरबीयुक्त खाणं दिलं तेव्हा कधीच लठ्ठ नसलेल्या उंदरांपेक्षा त्यांचं वजन भराभर वाढलं.

माणसात? शस्त्रक्रियेने वजन उतरवलेल्या लोकांच्या चरबीचे नमुने आधी आणि दोन वर्षांनी घेतले होते. बीएमआय किमान एक चतुर्थांशाने घटलेला असूनही अनेक जनुकांचं काम लठ्ठपणाच्या काळातल्यासारखंच चालू होतं. इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा, जो बातम्यांच्या मथळ्यांत गळून पडला. खुणा मोजल्या त्या उंदरांमध्ये. माणसांमध्ये जनुकांचं काम पाहिलं गेलं, आणि या आठवणीमुळेच माणसाचं वजन परत वाढतं हे या अभ्यासाने दाखवलेलं नाही. दोन्ही चित्रं जुळतात, एवढंच.

चरबीच्या पेशी सरासरी दहा वर्षं जगतात हे इथे आठवा. खुणा बाळगणाऱ्या जुन्या पेशी मरतील, नव्या येतील, पण संथपणे. दीड वर्षाच्या डाएटनंतर आपल्या दुसऱ्या माणसाच्या बहुतेक पेशी ८५ किलोच्या काळातल्याच आहेत.

हे नुसत्या लठ्ठपणाचं प्रकरण नाही, शरीराची ही जुनी खोड आहे, हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात दिसलं होतं. ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण, सडपातळ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशाने उतरलं. पुन्हा पोटभर खायला मिळू लागल्यावर चरबी आधी परतली, स्नायू मागाहून. इतकंच नाही, चरबी पूर्वीच्या पातळीच्याही वर गेली. अब्दुल दुल्लू यांनी काही दशकांनी हे आकडे पुन्हा तपासले तेव्हा दिसलं, की गमावलेलं मांस भरून येईपर्यंत अनावर भूक शमत नव्हती. म्हणून झटपट वजन उतरवण्याच्या योजनांबद्दल माझं मत वाईट आहे. त्यात स्नायूंचा बळी जातो, आणि ते परत मिळवेपर्यंत शरीर चरबी जमवत बसतं.

मग करायचं काय

पेशींची संख्या कमी करणारं औषध आज नाही. खुणा पुसणारंही नाही. जे आहे ते मुख्यतः पत्रव्यवहारात हस्तक्षेप करणारं. सेमाग्लुटाइडसारखी औषधं मेंदूला पोट भरल्याची खबर बाहेरून पुरवतात, चरबी गप्प असली तरी. ती चालतात तोवर छान चालतात. एका मोठ्या चाचणीतल्या ज्या लोकांवर पुढेही लक्ष ठेवलं, त्यांचं ६८ आठवड्यांत सरासरी १७.३ टक्के वजन उतरलं होतं. औषध आणि सोबतचं मार्गदर्शन बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. यावर 'म्हणजे औषध फसवं आहे' असं म्हणणारे भेटतात. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब वाढला तर त्या गोळीला आपण फसवी म्हणत नाही.

औषधाशिवाय वजन टिकवणारेही आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. अमेरिकेत १९९४ मध्ये अशा लोकांची एक नोंदवही सुरू झाली: किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर तरी टिकवलेले, दहा हजारांहून जास्त जण. त्यांच्यात जे समान आढळतं ते फार चमकदार नाही. रोज सुमारे तासभर हालचाल, नियमित वजन करणं, आणि सुट्टीच्या दिवशीही खाण्याची घडी फारशी न मोडणं. व्यायामाने वजन उतरतं कमी, पण उतरलेलं टिकवायला त्याची मदत मोठी होते. भूक आणि खर्च यांच्यातली ती खाच काही अंशी तो भरून काढतो. यातला कुठलाही माणूस तुम्हाला सांगेल की हे काम संपत नाही.

पुन्हा वाढलं तर सगळंच पाण्यात गेलं असंही नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२५ मध्ये वजन उतरवण्याआधीच्या आणि नंतरच्या चरबीतल्या पेशी एकेक करून तपासल्या. वजन उतरल्यावर अकाली म्हाताऱ्या झालेल्या पेशी कमी झाल्या होत्या, इजा भरून आली होती. काही रोगप्रतिकारक पेशी मात्र अजून जुन्याच त्वेषात होत्या. सुधारणा खरी, फक्त अपुरी.

तपासणीच्या कागदावर उंची आणि वजन या दोन रकान्यांशेजारी तिसरा एक रकाना असायला माझी हरकत नाही: आजवरचं सर्वांत जास्त वजन किती होतं? पहिला माणूस लिहील ७१. दुसरा क्षणभर थांबेल आणि ८५ लिहील. तेवढ्यावरून डॉक्टरला कळेल की या दोघांना एकच आहारतक्ता देऊन चालणार नाही.